मुक्काम तुमचा, मोरी कुणाची?

माझा भाचा लेस्टरला असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने एक मोटरहोम भाड्याने घेतलं, त्यात बायको, दोन पोरं आणि आई, म्हणजे माझी बहीण, एवढा ऐवज भरला आणि स्वारी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे निघाली. रोज सकाळी व्हिडिओ कॉल. मागे समुद्र, बाजूला डोंगर, पुढे बहिणीच्या हातात चहा. ‘अरे, खिडकी उघडली की समुद्र!’ हे वाक्य तीन दिवसांत अकरा वेळा ऐकलं. चौथ्या दिवशी कॉल लागला तेव्हा भाचा एकटाच रस्त्याने चालताना दिसला. हातात चाकांची करडी बॅग. म्हटलं, झालं! सासू-सुनेचं फाटलं आणि हा घर सोडून निघाला.

“कुठे निघालास रे बॅग घेऊन?”

“मामा, ही बॅग नाही. संडास आहे.”

चाकांवरच्या घरात संडास असतो, हे जाहिरातीत सांगतात. त्या संडासाखाली अठरा-वीस लिटरची टाकी असते, ती गाडीच्या बाजूच्या झडपेतून ओढून काढायची, हँडल धरून घरंगळत न्यायची आणि कुठेतरी रिकामी करायची, हे जाहिरातीत सांगत नाहीत. पाच माणसांची टाकी दोन दिवसांत भरते. भाच्याने निघण्याआधी सगळा प्रवास नकाशावर आखला होता. किल्ले होते, धबधबे होते, पफिन पक्ष्यांचे कडे होते. ते ‘कुठेतरी’ तेवढं नकाशावर नव्हतं.

मोटरहोमवाल्यांनी रात्री कुठे थांबायचं, यावरून युरोपात गेली काही वर्षं तंटा चालू आहे. बाहेरून पाहणाऱ्याला तो जागेचा तंटा वाटतो. डोंबलाची जागा! स्कॉटिश हायलंड्समध्ये जागेला काय तोटा? मैलोन् मैल माणूस दिसत नाही. तंटा मोरीचा आहे.

झालं असं, की २०१५ साली स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या जुन्याच रस्त्यांना एक नवं नाव मिळालं : नॉर्थ कोस्ट ५००. इन्व्हर्नेसच्या किल्ल्यापासून निघायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालायचा आणि पुन्हा किल्ल्याशी यायचं. ५१६ मैल, म्हणजे ८३० किलोमीटर. नवा रस्ता एक फूटही बांधला नाही. नाव दिलं, नकाशा छापला, संपलं. (पर्यटनविकासाचा इतका स्वस्त प्रकार आपल्याकडे कुणाला सुचला नाही, याचं कारण उघड आहे : त्यात टेंडर नाही.) तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेची ही कल्पना. हेतू चांगला होता. पोरं गाव सोडून जातायत, हॉटेलं ओस पडलीत, चार पैसे तिकडे वळावेत. पैसे वळले की नाही यावर वाद आहेत, गाड्या मात्र वळल्या. फोडर्स ही प्रवासाची पुस्तकं काढणारी मंडळी दरवर्षी ‘इथे जाण्याआधी जरा विचार करा’ अशा ठिकाणांची यादी काढतात. २०२५च्या यादीत हा रस्ता होता. बारसं ते बदनामी, दहा वर्षांत.

रस्ता बराचसा एकपदरी. समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला ठरावीक अंतरावर फुगवटे ठेवलेले असतात, त्यावर ‘पासिंग प्लेस’ अशी पाटी. मोटरहोमवाल्याला संध्याकाळी सातच्या सुमाराला हा फुगवटा फार आवडतो. सपाट असतो, समुद्रासमोर असतो, फुकट असतो. तो गाडी लावतो, पडदे ओढतो आणि झोपतो. रात्री त्याच रस्त्याने कुणाची तरी रुग्णवाहिका येणार असते, पहाटे मासळीचा ट्रक, आठ वाजता शाळेची बस. पाहुण्यासाठी तो निसर्ग. तिथे राहणाऱ्यासाठी तो किराणा आणायचा रस्ता.

वाटेत ब्यालख ना बा नावाचा घाट लागतो. गेलिक भाषेत अर्थ होतो ‘गुरांचा घाट’. पूर्वी अ‍ॅपलक्रॉसची गुरं याच वाटेने बाजाराला हाकत नेत. समुद्रापासून थेट ६२६ मीटर वर. पायथ्याशी पाटी आहे : शिकाऊ चालक, फार मोठी वाहनं आणि कॅराव्हॅन यांनी या रस्त्याने जाऊ नये. लोक थांबतात, पाटीसोबत फोटो काढतात आणि वर जातात. पाटीसमोर उभं राहून पाटीविरुद्ध वागणं ही फक्त आपलीच कला आहे, असा माझा समज होता. तो गेला. बरं वाटलं.

आता टाकीकडे वळू. तुम्ही जेवत असाल तर हा परिच्छेद नंतर वाचा.

टाकीत वास मारायला एक निळं रसायन घालतात. बाजारातली अशी बरीच रसायनं वासाबरोबर जंतूही मारतात. हायलंड्समधल्या वाड्यावस्त्यांवर शहरासारखी गटारं नाहीत, घरोघरी सेप्टिक टँक आहे, आणि सेप्टिक टँक चालते तीच मुळी जंतूंच्या जिवावर. अशा टँकेत कुणी गुपचूप गाडीतल्या चार टाक्या ओतल्या की आतले कामकरी जंतू गारद. म्हणजे पाहुणा स्वतःची घाण टाकून जातो एवढंच नाही, यजमानाच्या घाणीचीही सोय मोडून जातो. आणि हे गुपचूप ओतणारे त्यातल्या त्यात सभ्य म्हणायचे. बाकीचे सरळ ओढ्यात.

बरं, मग सार्वजनिक शौचालयं? २०१८ मध्ये हायलंड कौन्सिलने खर्चाला कात्री लावायची म्हणून त्यातली कितीतरी बंद करायचं ठरवलं. गावांनी ओरड केली. काही वाचली, काही गावकऱ्यांनी स्वतः चालवायला घेतली. रस्त्याला नाव देऊन जगाला आवतण देणारी संस्था वेगळी आणि संडासाला कुलूप लावणारं कार्यालय वेगळं. घाणीला मात्र हद्दी कळत नाहीत.

गावकऱ्यांची दुसरी तक्रार पैशाची. ही मंडळी इन्व्हर्नेसच्या सुपरमार्केटात फ्रिज गच्च भरून निघतात आणि आठवडाभर तेच खातात. खेड्यातल्या दुकानात शिरतात ते दूध आणि वायफायचा पासवर्ड मागायला. ही तक्रार मला अतिशयोक्तीची वाटली होती, म्हणून भाच्याचाच हिशेब घेतला. बहिणीने लेस्टरहून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेलेली. ८३० किलोमीटरमध्ये तुम्ही गावांना काय दिलंत, असं विचारल्यावर तो प्रामाणिकपणे म्हणाला, “डिझेल, सहा आइस्क्रीम आणि टाकी.”

मोटरहोमवाल्यांचीही बाजू आहे, आणि ती काही अगदीच लंगडी नाही. तिकडे हॉटेलात खोल्या मोजक्या आणि महाग. कॅम्पसाइट जुलै-ऑगस्टमध्ये भरलेल्या. थंडीत हॉटेलवाले कुलूप लावून जातात तेव्हाही काही मोटरहोमवाले येतातच. आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, घ्यायला एक खिडकी तरी ठेवा, असं ते म्हणतात. फक्त काहीजण पुढे जाऊन ‘स्कॉटलंडमध्ये कुठेही मुक्काम करणं हा आमचा हक्क आहे’ असंही ठोकून देतात. तिथला २००३चा जमीन सुधारणा कायदा रानावनात हिंडण्याचा, राहुटी टाकण्याचा हक्क देतो खरा. पण तो पायांना दिलेला हक्क आहे, इंजिनाला नाही. कायद्याचं एक कलम वाचायचं आणि पुढचं गिळायचं, याला परदेशी जावं लागत नाही.

अखेर ऑगस्ट २०२४ मध्ये कौन्सिलने खिडकी उघडली. चाळीस पाउंड द्या, सात दिवस ठरलेल्या सरकारी वाहनतळांवर रात्री थांबा, कौन्सिलच्या क्रीडाकेंद्रांत अंघोळ करा. पैसे रस्ते आणि सोयींवर खर्च होतील. सगळं ठीक, पण योजना ऐच्छिक! या शब्दापाशी मी जरा थांबलो. आमच्या सोसायटीतही जिन्याच्या दिव्यांसाठी ऐच्छिक वर्गणी आहे. जिन्यात अंधार आहे. योजनेवर अपेक्षेप्रमाणे सगळेच नाराज. कॅम्पसाइटवाले म्हणतात, आमचं गिऱ्हाईक आता कौन्सिलच पळवणार. मोटरहोमवाले म्हणतात, आम्ही कर भरतो, पुन्हा हे कशाला? आणि गावकरी म्हणतात, आजवर चोरून झोपत होते, आता पावती फाडून झोपतील. तिघंही नाराज असले की योजना बरी आहे असं समजायची सरकारी पद्धत असते. इथे तर टाकीचा प्रश्न तसाच राहिला, कारण वाहनतळावर रात्र काढायची मुभा वेगळी आणि वाहनतळात मोरी खणणं वेगळं. पहिल्याला ठराव लागतो. दुसऱ्याला कुदळ.

कुदळ चालवली फ्रेंचांनी. तिथल्या शेकडो गावांनी मोटरहोमसाठी रात्रीचे थांबे केले आहेत, त्यांना ‘एर’ म्हणतात. थाटमाट काही नाही. कुठे नगरपालिकेच्या मागे, कुठे मैदानाशेजारी, कुठे दफनभूमीच्या भिंतीला लागून दहा-बारा गाड्यांची जागा. मध्ये एक खांब. खांबाला पिण्याच्या पाण्याचा नळ, जमिनीत सांडपाण्याची जाळी आणि शेजारी टाकी ओतायचं तोंड. नळ आणि ते तोंड मुद्दाम लांब ठेवलेले असतात, तरी एखादा महाभाग ओतण्याची टाकी पिण्याच्या नळाखाली विसळतोच. नळ पुष्कळ ठिकाणी टोकनवर चालतो. आता खरी गंमत. ते टोकन कुठे मिळतं? पर्यटन कार्यालयात, किंवा गावच्या बेकरीत! टोकन बेकरीत ठेवायचं ज्या सरपंचाला सुचलं, त्याचा मी पुतळा उभारला असता. ताज्या पावाच्या वासातून नुसतं टोकन घेऊन बाहेर पडेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. ज्याला घाण टाकायचीय, त्याने आधी गावचा पाव घ्यावा. व्यवहार स्वच्छ.

न्यूझीलंडने उलट्या बाजूने हात घातला. २०११ मध्ये रग्बीचा विश्वचषक तिथे भरणार म्हणून गाड्यांतल्या मुक्कामाचा कायदा घाईघाईने केला. मग काही वर्षं लोक सीटखाली एक फोल्डिंग डबा ठेवून ‘आमच्या गाडीत संडास आहे’ अशी शपथ घेत राहिले. डबा होता, वापरत कुणी नव्हतं, झुडपं मात्र वापरात होती. २०२३ मध्ये कायदा बदलला : संडास गाडीत पक्का बसवलेला हवा, तरच प्रमाणपत्र. आणि या प्रमाणपत्रांच्या व्यवस्थेवर देखरेख कुणाची? प्लंबर, गॅस फिटर आणि ड्रेनेजवाले यांच्या मंडळाची. देशाच्या पर्यटनाची किल्ली प्लंबरच्या हातात देणारा हा एकच देश मला ठाऊक आहे, आणि तो सुखी आहे.

आता जरा कडू. ब्रिटनमध्ये चाकांवरची घरं मोटरहोमच्या कितीतरी आधीपासून आहेत. रोमा जिप्सी आणि आयरिश ट्रॅव्हलर पिढ्यानपिढ्या असेच राहतात. १९६८च्या कायद्याने त्यांना थांबायला जागा देणं स्थानिक संस्थांवर बंधनकारक केलं, १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकलं आणि २०२२ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये नवा कायदा आला : परवानगीशिवाय गाडीसकट तळ ठोकला, त्याचा त्रास झाला आणि सांगूनही हलले नाहीत, तर गाडी जप्त आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मे २०२४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी मानवी हक्कांशी विसंगत ठरवल्या. म्हणजे निवृत्त जोडप्याची गाडी माळावर दिसली की थांबा बांधायचा आणि ट्रॅव्हलरची दिसली की गाडी उचलायची. चाकं तीच, टाकीही तीच. गाडीची किंमत तेवढी वेगळी.

हे वाचून इंग्रजांना हसू नका. आपल्याकडे उसाच्या हंगामात बीडकडून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून अख्खा संसार निघतो. भांडी, गोधड्या, पोरं, कोंबड्या, वर म्हातारी. महिनोन् महिने उसाच्या फडाशेजारी, कारखान्याच्या आवारात कोपी टाकून राहतात. चाकांवरून आलेलं घर, रात्रीचा मुक्काम, परका गाव. पर्यटन खात्याच्या व्याख्येत बसायला फक्त पर्यटन कमी पडतं. त्या कोप्यांजवळ बाईमाणसाला पहाटे कुठे जावं लागतं, हे मी इथे लिहीत नाही. कारखान्याच्या संचालकांना माहीत आहे.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. केरळनेही त्याच साली आणलं. कॅराव्हॅन पार्क होणार, पाणी, वीज, शौचालय असणार, गुंतवणूकदारांना सवलती मिळणार. कागदावर सगळं आहे. कागदावर जिल्हा परिषदेच्या शाळांतही मुलींसाठी वेगळं शौचालय असतं. माझा प्रश्न एवढाच, की त्या पार्कातली टाकी भरल्यावर पुढे काय? मैला उपसणारा टँकर रात्री कुठे रिकामा होतो, ते प्रत्येक तालुक्याला ठाऊक असतं. तालुक्याच्या दफ्तरात तेवढी नोंद नसते.

आणि कॅराव्हॅन येईल तेव्हा येईल, आपलं देशी मोटरहोम कधीच आलंय. पन्नास माणसं, एक बस, डिकीत गॅस सिलिंडर, पातेली, कांद्याची गोणी आणि आचारी. समुद्र दिसला की बस थांबते, रस्त्याच्या कडेला चूल पेटते. जेवण झाल्यावर पत्रावळी किनाऱ्याला, खरकटं पाणी उताराला. गोव्याला याचा इतका वैताग आला, की २०१९ मध्ये कायदा बदलून पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक केल्यास माणशी २,००० आणि टोळक्याला १०,००० रुपये दंड ठरवला. गोव्याचा राग मला कळतो. पण दंड घेणाऱ्याने बस लावायला जागा, नळ आणि मोरी दिली असती, तर तो दंड जास्त शोभला असता. कोकणात तर याहून सोपं आहे. शनिवारी रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या वाळूत शिरतात, रविवारी पहाटे भरतीत रुततात, मग गावचा ट्रॅक्टर त्या ओढून काढतो आणि ठरवून पैसे घेतो. पर्यटनातून स्थानिकांना रोजगार तो हाच.

खरं तर मुक्काम ही गोष्ट आपल्याला शिकवायची गरज नव्हती. आषाढीच्या वाटेवर तरडगाव, बरड, भंडीशेगाव अशी गावं एका रात्रीपुरती आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणूस पोटात घेतात. पालखी तळ राखलेले असतात, टँकर ठरलेले असतात, कुणाच्या ओसरीवर कोणती दिंडी हे पिढ्यांचं ठरलेलं असतं. तरी पालखी हलल्यावर दोन-चार दिवस गावाला नाकाला पदर लावावा लागे. गेल्या दहा वर्षांत तळावर फिरती शौचालयं येऊ लागली, तेव्हा कुठे सुटका व्हायला लागली. भक्तीला मोरी लागत नाही असं म्हणणारेही होते. ते बहुधा त्या गावात राहत नव्हते.

भाच्याने विचारलं, “मग मामा, रात्री परक्या गावात थांबलेला माणूस गावाला हवाहवासा वाटतो, असं कुठे घडतच नाही का?”

घडतं ना. पावसाळा संपला की धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं. शेतकरी स्वतः जाऊन बोलावतो, आमच्या शेतात चार राती बसवा म्हणतो. संध्याकाळी जाळीची वाघर लावतात, मेंढरं आत बसतात आणि सकाळी शेतात लेंडीखत पडलेलं असतं. त्याबद्दल शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. हा असा रात्रीचा थांबा, जिथे यजमानच पाहुण्याला त्याच्या घाणीचे पैसे मोजतो. निळं रसायन लागत नाही.

भाचा म्हणाला, “आमच्या टाकीला कोण पैसे देणार?” मी म्हटलं, तुला फुकट ओतू दिलं तरी उपकार मान. अखेर एका कॅम्पसाइटवाल्याने पाच पाउंड घेऊन ती ओतू दिली. अख्ख्या सहलीत एवढे समाधानाने दिलेले पैसे दुसरे नव्हते, असं तो अजून सांगतो.

तेव्हा येत्या मे महिन्यात कुणी कॅराव्हॅन भाड्याने घ्यायला निघाला असाल, तर आतला टीव्ही, एसी आणि मायक्रोवेव्ह नंतर बघा. आधी मालकाला विचारा, टाकी कुठे रिकामी करायची? त्याने गावाचं आणि जागेचं नाव सांगितलं तर खुशाल जा. तो हसून ‘होतं हो काहीतरी’ म्हणाला, तर ॲडव्हान्स परत घ्या आणि एसटीचं तिकीट काढा.